स्क्रॅच की इन्सर्ट, कोलॅजन की फायब्रोनेक्टिन: त्वचेच्या पेशींची चाल मोजण्याआधी

त्वचेच्या पेशींचं स्थलांतर मोजायचं, म्हणजे पेशींच्या थरात फट ठेवून ती किती वेगाने भरते ते पाहायचं ठरलं, की पहिली ऑर्डर बहुधा ग्रोथ फॅक्टरची (पेशींना वाढायचा-चालायचा संदेश देणाऱ्या प्रथिनाची) जाते. त्याआधी एक ठरवा: तुमचा प्रश्न पेशींच्या पायाखालच्या मॅट्रिक्सबद्दल (त्या ज्या प्रथिनांच्या थरावर चालतात त्याबद्दल) आहे, की माध्यमात सोडलेल्या फॅक्टरबद्दल? फट कशी पाडायची ते त्यावर ठरतं.

फक्त फॅक्टरची तुलना असेल तर 200 मायक्रोलिटरच्या टिपने मारलेली रेघ पुरते. मॅट्रिक्सची तुलना असेल तर टिप नको. ती पेशींबरोबर प्लेटवर दिलेलं मॅट्रिक्सचं कोटिंगही खरवडते, आणि किती खरवडते ते हाताच्या दाबावर अवलंबून. मग आपण मोजतो प्लॅस्टिकवरची चाल आणि लिहितो ‘कोलॅजनवर’. अशा वेळी सिलिकॉनचा दोन कप्प्यांचा इन्सर्ट घ्या: फट सुमारे 500 मायक्रॉन, प्रत्येक कप्प्यात 70 मायक्रोलिटर. महाग पडतो, पण जमीन शाबूत राहते. कोटिंग पूर्ण कोरडं झाल्यावरच तो लावा. ओल राहिली तर नीट चिकटत नाही आणि पेशी खालून फटीत झिरपतात.

आता जमीन कोणती? केराटिनोसाइटसाठी (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींसाठी) सुरुवात कोलॅजन-1 पासून करावी. जखमेत बेसमेंट मेम्ब्रेन (या पेशींखालचा पातळ पडदा) फाटल्यावर त्यांना खालच्या डर्मिसमधलं, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातलं, हेच कोलॅजन लागतं, आणि अल्फा-2 बीटा-1 या इंटिग्रिनने (मॅट्रिक्स पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाने) त्या ते पकडतात. 24 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला 200 मायक्रोलिटर द्रावण घाला: 0.02 मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम कोलॅजन. सामान्य तापमानाला एक तास ठेवलं की चौरस सेंटिमीटरला साधारण 5 मायक्रोग्रॅमचं कोटिंग मिळतं. पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणाने) दोन-तीनदा धुवा, नाहीतर उरलेलं ॲसिड पेशींना भोवतं. ‘जास्त कोटिंग, जास्त वेग’ हा हिशेब इथे चालत नाही. पकड फार घट्ट झाली की पेशीची मागची बाजू सुटत नाही आणि ती जागीच पसरून बसते.

फायब्रोनेक्टिन या दुसऱ्या मॅट्रिक्स प्रथिनाचा प्रश्न वेगळा. शांत त्वचेतल्या केराटिनोसाइटवर ते पकडणारं इंटिग्रिन अल्फा-5 बीटा-1 कमी असतं, जखमेनंतर वाढतं. म्हणून ताज्या प्राथमिक पेशी (थेट त्वचेतून काढलेल्या) सुरुवातीला रेंगाळू शकतात. द्रावण व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका, गुठळ्या होतात.

लॅमिनिन (बेसमेंट मेम्ब्रेनमधलं प्रथिन) घेताना लेबल नीट वाचा. नुसतं ‘लॅमिनिन’ लिहिलेली बाटली बहुधा उंदराच्या ट्यूमरमधल्या लॅमिनिन-111 ची असते; त्वचेतलं लॅमिनिन-332 ते हे नव्हे. शिवाय 332 दुहेरी वागतं: अल्फा-3 बीटा-1 इंटिग्रिनशी जोडलं तर चाल, अल्फा-6 बीटा-4 शी जोडलं तर नांगर. केराटिनोसाइट ते स्वतःही पसरवत जातात. त्यामुळे प्रयोग लांबला की कोटिंगांमधला फरक पुसट होत जातो.

फॅक्टरच्या बाबतीत सर्वात महागडी चूक म्हणजे केराटिनोसाइटवर पीडीजीएफ (प्लेटलेटमधला ग्रोथ फॅक्टर) घालणं. त्याचा रिसेप्टरच (त्याला पकडणारं प्रथिन) या पेशींवर नसतो. पीडीजीएफ फायब्रोब्लास्टसाठी (डर्मिसमधल्या पेशींसाठी) घ्या. केजीएफचं (केराटिनोसाइट ग्रोथ फॅक्टरचं) बरोबर उलट, त्याचा रिसेप्टर केराटिनोसाइटसारख्या एपिथेलियल पेशींवर. केराटिनोसाइटला मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅम ईजीएफने (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरने) सुरुवात योग्य. मात्र ईजीएफ पेशींची संख्याही वाढवतं आणि त्यानेही फट भरते, म्हणून एकतर 12 ते 16 तासांतच मोजा, किंवा आधी मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम मायटोमायसिन-सी (विभाजन थांबवणारं औषध) दोन तास देऊन नीट धुऊन काढा. टीजीएफ-बीटा-1 हा आणखी एक ग्रोथ फॅक्टर या पेशींना चालवतो पण त्यांचं विभाजन रोखतो. 48 तासांनी फट उघडी दिसली म्हणून ‘परिणाम नाही’ लिहून मोकळे होऊ नका. टीजीएफ-बीटा-1 साध्या पाण्यात विरघळवला तर नळीच्या भिंतीला चिकटून हरवतो. 4 मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि थोडं बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) लागतं.

आणि सीरम, म्हणजे माध्यमात घालतात तो रक्तातला द्रव. त्यात फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही पेशींना पकड देणारी दोन्ही प्रथिनं असतात. 10 टक्के सीरममध्ये तीन कोटिंगांची तुलना करणं म्हणजे तिन्ही भाज्यांत एकच मसाला ओतून चव ओळखायला सांगणं. सीरमशिवाय चालवा. कोलॅजनच्या काही वेलमध्ये अल्फा-2 बीटा-1 रोखणारी अँटिबॉडी घाला. तरीही चाल मंदावली नाही, तर पेशी कोलॅजन सोडून दुसऱ्याच कशावर तरी चालताहेत.