नेरुळच्या दमट हवेत डीप फ्रीजर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

हिवाळ्यात तुर्भ्याच्या बाजारातून आणलेला मटार आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीआधी दिवाळे कोळीवाड्यातून घेतलेली सुरमई साठवता यावी, म्हणून आम्ही साधारण शंभर लिटरचा, वरून झाकण उघडणारा फ्रीजर घेतला. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती बरीचशी आतच राहते, त्यामुळे रोज थोडेथोडे काढणाऱ्या घराला हा प्रकार मला अधिक योग्य वाटतो.

खाडीलगतच्या वस्तीत या यंत्राचा खरा शत्रू उन्हाळ्यातील उष्णतेपेक्षा हवेतील बाष्प आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. झाकण उघडताच दमट हवा आत शिरते आणि तिचा बर्फ भिंतींवर साचत जातो. बर्फ उष्णतेला अडवतो, त्यामुळे थर जाड होईल तसा कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो. पावसाळ्यात हा थर हिवाळ्याच्या तुलनेत कितीतरी लवकर धरतो. म्हणून थर पाच-सहा मिलिमीटरचा झाला की वीज बंद करून, सामान थर्माकोलच्या पेटीत हलवून आणि आत गरम पाण्याचे पातेले ठेवून मी बर्फ सुटू देतो. सुरी किंवा उलथने मात्र कधीही लावू नये. भिंतीच्या पत्र्यामागेच वायूच्या नळ्या असतात. त्यांना छिद्र पडले तर फ्रीजर निकामी होतो, शिवाय आजच्या बहुतेक घरगुती यंत्रांतील आयसोब्युटेन हा वायू ज्वलनशील आहे. सफाईनंतर आतला भाग पूर्ण कोरडा करूनच यंत्र सुरू करावे, नाहीतर उरलेल्या पाण्याचा लगेच पुन्हा बर्फ होतो.

झाकणाच्या रबरावर पावसाळ्यात काळी बुरशी धरते. साबणाच्या कोमट पाण्याने ते पुसून कोरडे करावे. मग कागदाची पट्टी रबरात धरून झाकण लावावे आणि ती ओढून पाहावी. पट्टी अलगद सुटली तर तिथून दमट हवा आत जाते आहे, हे नक्की.

आमच्या यंत्राच्या बाहेरच्या भिंती हाताला गरम लागतात. आतली उष्णता तिथूनच बाहेर टाकली जाते, त्यामुळे हा बिघाड नव्हे. त्यावर भरतकामाचे आच्छादन घालणे किंवा भिंतीला चिकटवून ठेवणे टाळावे. तापमान आम्ही वेगळा तापमापक आत ठेवून उणे १८ अंशांवर स्थिर केले आहे. त्याखाली गेल्यास वीज अधिक लागते आणि घरगुती साठवणीत त्याचा विशेष लाभ नाही.

मटार उकळत्या पाण्यात दीड मिनिट घालून थंड पाण्यात काढला की त्याचा रंग टिकतो. मासळी धुऊन, पूर्ण निथळवून, एका वेळेपुरते तुकडे हवा काढलेल्या पिशवीत भरतो, कारण पिशवीत हवा राहिली तर पृष्ठभाग वाळून पांढरट होतो. सुरमईने समाधान दिले. बांगडा तेलकट असल्याने दोन-तीन महिन्यांत खवट होऊ लागतो, तर बोंबील पाणीदार असल्याने सुटल्यावर त्याचा लगदा होतो, म्हणून तो आम्ही ताजाच खातो.

दुरुस्तीसाठी वीज गेली की झाकण उघडायचे नाही, एवढेच पथ्य. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिल्यास सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास गारवा धरतो, म्हणून साठा कमी झाला की रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवतो. गोठताना पाणी फुगते, त्यामुळे त्या काठोकाठ भरलेल्या नसाव्यात.