डीडब्ल्यूएम: सोर्समधूनच कंपाइल करा, मराठी टायटलचं तेवढं बघा

जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन लिनक्स टाकलंय आणि ग्नोम, केडीई असे जड डेस्कटॉप काहीच नकोत, अशा कोणीही डीडब्ल्यूएम एकदा तरी वापरून बघाच. सकलेस नावाच्या ग्रुपचा हा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम, २००६ पासून आहे, पूर्ण सी भाषेत लिहिलेला, आणि कोड २००० ओळींच्या आसपासच ठेवायचा हा त्यांचा हट्ट. मला तो हट्ट मनापासून आवडतो, कारण एका रविवारी बसून मेन फाइल वाचता येते आणि आपल्या मशीनवर नक्की काय चाललंय ते कळतं.

कंपाइल करणं, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं, सोपंय. बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर वगैरे) आणि एक्स-इलेव्हन (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा), एक्सएफटी (अक्षरं काढणारी लायब्ररी), झिनेरामा (एकाहून जास्त स्क्रीनसाठी) या तिघांची डेव्ह पॅकेजेस टाकायची, सोर्स घ्यायचा, फोल्डरमध्ये जाऊन सुडो मेक क्लीन इन्स्टॉल, काही सेकंदात झालं. पण डीमेन्यू (प्रोग्राम उघडायचा मेन्यू) आणि एसटी टर्मिनल आधीच टाकून ठेवा, नाहीतर स्टार्टएक्स कमांडने ग्राफिक स्क्रीन सुरू केल्यावर समोर फक्त वरची पट्टी दिसते आणि ऑल्ट शिफ्ट एंटर दाबून काहीच उघडत नाही, नवीन माणूस तिथेच सोडून देतो. एक्सइनिटआरसी मध्ये, म्हणजे स्टार्टएक्स जी फाइल वाचतं तिच्यात, शेवटी एक्झेक डीडब्ल्यूएम लिहिलं की बस्स.

सेटिंग्ज सगळ्या कॉन्फिग डॉट एच मध्ये. आय-थ्री हा दुसरा विंडो मॅनेजर साध्या टेक्स्ट फाइलमधून सेटिंग वाचतो, इथे रंग बदलला तरी परत कंपाइल करून डीडब्ल्यूएम नव्याने चालू करावा लागतो. ऐकायला कटकट वाटते पण एकदा नीट बसवलं की त्या फाइलला महिनोन्महिने हात लावावा लागत नाही. पॅचेस, म्हणजे जास्तीच्या सोयींसाठी कोडमध्ये घालायचे तयार बदल, मात्र जपून. पहिला पॅच सहज बसतो, पुढचे एकमेकांशी भांडतात आणि मग न बसलेल्या बदलांची रिजेक्ट फाइल उघडून हाताने ओळी घालत बसावं लागतं, म्हणून मी म्हणेन खरंच लागतात तेवढेच घ्या. अपडेट घेतानाही कॉन्फिग डॉट डेफ डॉट एच या मूळ नमुना फाइलमध्ये नवीन काही आलंय का ते बघा, तुमच्या जुन्या फाइलमध्ये ते नसेल तर कंपाइल अडतं.

आता आपल्या कामाचं. डीडब्ल्यूएमची पट्टी एक्सएफटी वापरते आणि त्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, त्यामुळे ब्राउझरमध्ये मराठी पान उघडलं की आत सगळं व्यवस्थित पण वर टायटलमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणि जोडाक्षरं सुटी सुटी. फॉन्ट्सच्या ओळीत नोटो सॅन्स देवनागरी घातला तर अक्षरं नीट उठून दिसतात, जुळत मात्र नाहीत. एसटी टर्मिनलमध्येही हेच. मराठी वाचणाऱ्याला हे खुपतं, आणि इतक्या नेटक्या सॉफ्टवेअरमध्ये हे असायला नको होतं असं मला खरंच वाटतं.

टायपिंगचं जमतं. सेटएक्सकेबीमॅप या कीबोर्डच्या कमांडने यूएस आणि इन (भारत) असे दोन लेआउट द्यायचे की इनस्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट मिळतो. बरेच जण लेआउट बदलायला ऑल्ट शिफ्ट ठेवतात, तो डीडब्ल्यूएमच्या शॉर्टकटच्या मधे येतो, तेव्हा कॉन्फिग डॉट एच मधली मॉडकी ची ओळ मॉड१ (ऑल्ट) ऐवजी मॉड४ करून टाका, म्हणजे विंडोज की. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी, हवं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स यातलं एक टायपिंग सॉफ्टवेअर एक्सइनिटआरसी मधूनच सुरू करायचं, इथे आपोआप काही सुरू होत नाही.

जावाची काही अ‍ॅप्स रिकामी पांढरी खिडकी दाखवतात, त्यावर नॉन-रीपेरेंटिंगचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) १ करायचं, डीडब्ल्यूएमच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे माहितीपानात, दिलंय. एक्स-इलेव्हनच्या जागी आलेल्या नव्या वेलँडवर डीडब्ल्यूएम चालत नाही, तिथे त्याच धर्तीचा डीडब्ल्यूएल आहे.

माझ्याकडून ५ पैकी ४, कापलेला एक त्या वेलांटीसाठी.