फ्लँजसाठी राउंड बार: कोळशाचा, भंगाराचा की गॅसचा?

भाच्याचं मकरपुरा जीआयडीसीत फोर्जिंगचं, म्हणजे तापवलेलं स्टील ठोकून आकार द्यायचं वर्कशॉप आहे, त्याला युरोपातून फ्लँजची (पाइप जोडायच्या कड्यांची) चौकशी आलीय आणि सोबत स्टील बनवताना किती कार्बन सुटला ते भरायचा फॉर्म, म्हणून विचारतोय, मामा, त्यासाठी राउंड बार, म्हणजे स्टीलचा गोल दांडा, कुठला घेऊ. बडोद्यात असे अजून बरेच जण असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

कोळशावरचं, म्हणजे ब्लास्ट फर्नेसचं स्टील फोर्जिंगला निर्धास्त, कारण आत मुख्यतः खनिज आणि कोक (कोळशापासून केलेलं इंधन) एवढंच जातं. पण टनामागे दोन-सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड. १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा सीबीएएम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कार्बनचा आकार, पुरता लागू झालाय, फ्लँज त्यात येतात, पैसे तिकडचा इम्पोर्टर भरतो पण कापणार तुझ्याच भावातून. इम्पोर्टर सीबीएएमचा सगळा माल मिळून वर्षाला ५० टनांच्या आत मागवत असेल तर तो सुटतो, हे आधी विचारून घे.

भंगार वितळवून केलेलं स्टील कार्बनला सगळ्यात हलकं, वीज धरूनही साधारण अर्धा टन, आणि स्टीलच्या बाबतीत सीबीएएम सध्या विजेचा कार्बन मोजतच नाही. दुखणं तांब्याचं. भंगारात मोटारीची वाइंडिंग राहून गेली की ते तांबं भट्टीत निघत नाही. मी एकदा असा लॉट घेतला होता, लालभडक बिलेट (स्टीलचा ठोकळा) हातोड्याखाली घेतलं तर कडेला माशाच्या खवल्यासारख्या चिरा, अख्खी पाळी वाया.

आणि इथेच सगळे फसतात. इलेक्ट्रिक भट्टी म्हणजे ग्रीन असं सेल्सवाला सांगतो, पण आपल्याकडे बऱ्याच इंडक्शन भट्ट्यांत भंगाराबरोबर कोळशावरचं स्पंज आयर्न (खनिज न वितळवता काढलेलं लोखंड) भरभरून टाकतात, मग आकडा ब्लास्ट फर्नेसच्याही वर जातो, त्यामुळे भट्टी कुठली यापेक्षा भट्टीत काय टाकलं ते विचार.

नैसर्गिक गॅसवरच्या स्पंज आयर्नचं स्टील ब्लास्ट फर्नेस आणि भंगार यांच्या मधलं, दीड टनाच्या आसपास, तांब्याची भीती नाही. सुरतजवळ आपल्या हजिऱ्यात ते स्पंज आयर्न बनतं. पण गॅस महाग. पुढे हायड्रोजन आला तर याच प्रकारच्या प्लांटमध्ये गॅसच्या जागी तो घालता येईल, म्हणून मला देशासाठी हाच रस्ता पटतो. सगळ्यांनी भंगारावरच जावं हे मला मान्य नाही, एवढं भंगार आपल्याकडे आहेच कुठे, आज पुलात घातलेलं स्टील परत यायला पन्नास वर्षं लागतात. ब्रिटनमध्ये पोर्ट टॅलबटची शेवटची ब्लास्ट फर्नेस सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केली, इलेक्ट्रिक भट्टी तयार व्हायच्या आधीच, आणि मिल चालू ठेवायला स्लॅब (स्टीलच्या जाड लाद्या) बाहेरून आणावे लागतायत, हजारो लोकांचं काम गेलं ते वेगळंच. आपल्याकडे तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

तुझ्यापुरतं माझं मत भंगाराच्या बाजूने, पण मिल सर्टिफिकेटवर हीट नंबरसोबत (भट्टीतल्या त्या ओतीचा नंबर) तांब्याचा आकडा हवाच आणि कार्बनचा डेटा लेखी हवा, नाहीतर युरोपवाले डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवलेला आकडा लावतात आणि तो चढाच असतो. दोन्ही देत नसतील तर दोन पैसे जास्त देऊन गॅसवालं घे. पहिला लॉट दोन टनांचाच माग, दोन तुकडे तापवून ठोक, कडा बघ, मगच पीओ (खरेदीची ऑर्डर) काढ.