दरखास्तीचं काम : ठाण्यातल्या एका वकिली ऑफिसबद्दल

वकिलांना जाहिरातीची मनाई, त्यामुळे नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय. कोर्टनाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत ऑफिस आहे, एवढं पुरे.

आमचं वागळे इस्टेटला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. हिशेब माझ्याकडे. सोसायट्यांची दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराने साडेचार लाख थकवले. दावा दुसऱ्या वकिलांनी लढवला, हुकूमनामा आमच्या बाजूने झाला, पैसे मात्र जिथल्या तिथे. वसुलीसाठी वेगळी दरखास्त टाकावी लागते, म्हणजे पुन्हा नोटिसा, पुन्हा तारखा.

इथल्या वकीलसाहेबांनी निकालपत्र उघडलंच नाही. आधी विचारलं, "ताई, त्याचा पैसा कुठे आहे?" जुन्या चेकच्या झेरॉक्स मागितल्या, कारण त्यावर बँक, शाखा, खाते नंबर सगळं सापडतं. जीएसटी नंबरवरून धंदा प्रोप्रायटरशिपचा आहे हे पाहून घेतलं. नशीब आमचं. प्रायव्हेट लिमिटेड असती तर मालकाच्या स्वतःच्या मालमत्तेला सहसा हात लावता येत नाही. त्याचा गाळा बायकोच्या नावावर होता. त्यात वर्षं घालवायची नाहीत म्हणून तो विषय त्यांनी तिथेच संपवला.

आमच्या ह्यांचा एकच हट्ट, त्याला आत टाका. साहेब म्हणाले, ऐपत असून देत नाही हे आपण दाखवायचं, तर दिवाणी तुरुंग, तोही जास्तीत जास्त ३ महिने, आणि आत गेला म्हणून कर्ज फिटत नाही. वर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता आपणच भरायचा! यावर हे जे गप्प झाले ते रिक्षात बसेपर्यंत. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांवर जप्ती येत नाही हेही तेव्हाच कळलं.

काम झालं ते दोन अर्जांनी. पहिला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ खाली. त्याने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. कोर्टाचा हुकूम मोडला तर त्यासाठीही ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बऱ्याच टाळाटाळीनंतर ते आलं, आणि त्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीकडे त्याचे रिटेन्शनचे, म्हणजे कामाच्या बिलातून हमी म्हणून राखून ठेवलेले, पैसे अडकलेत हे निघालं. लगेच नियम ४६-अ खाली नोटीस थेट सोसायटीला, की ती रक्कम त्याला न देता कोर्टात भरा. त्याच्या बँक खात्यामागे लागलो नाही, ते कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जाचं होतं, आतला पैसा बँकेचाच.

सेक्रेटरीने त्याला फोन केला असणार. कारण माझा नंबर ब्लॉक करून बसलेला माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर्कशॉपवर हजर. पेढे कामगारांनी खाल्ले, बोलणं वकिलांच्या ऑफिसातच केलं. सोसायटीकडची रक्कम आम्हाला, उरलेले हप्त्यांनी, व्याजात थोडी सूट. प्रत्येक हप्ता मिळाल्याची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात जाते, बाहेरच्या बाहेर घेतलेले पैसेही तिथे नोंदवायचे असतात. अजून हप्ते चालू आहेत.

आता तक्रारी. फोन कोणी उचलत नाही. दरखास्तीची फी सांगितली होती, पण प्रत्येक अर्जाची वेगळी हे बिल आल्यावर समजलं. बेलिफचा भत्ता, झेरॉक्स आणि 'किरकोळ' आणखी वर. हे 'किरकोळ' काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. पावती मागितली की ज्युनियर मुलगा असा बघतो, जणू मी त्याची किडनी मागितली. पुढची तारीखही कळवत नाहीत. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर, म्हणजे केसचा स्वतंत्र नंबर, टाकून मीच बघते.

तरीही पाचपैकी चार तारे.

तुमचा हुकूमनामा कपाटात पडून असेल तर अंमलबजावणीची मुदत १२ वर्षांची आहे, पण २ वर्षं उलटली की आधी समोरच्याला नोटीस जाते आणि त्याला सामान हलवायला सवड मिळते. दावा अजून चालू असेल आणि तो मालमत्ता विकायच्या तयारीत दिसला, तर आदेश ३८ खाली निकालाआधीच्या जप्तीचं विचारा. जाताना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, जुने चेक आणि बिलं न्या. सकाळी जाऊ नका, साहेब कोर्टात असतात. संध्याकाळी सहानंतर भेटतात. गाडी घरी ठेवा, तिथे पार्किंग मिळणार नाही.