एरिक कोट्सची जुनी मुद्रणं: धुतलेली प्रत घ्यावी की खरखरीची?

इंग्लिश संगीतकार एरिक कोट्सने स्वतः संचालन केलेला, तीन भागांचा 'लंडन सूट' घ्यायचं ठरवलं की लगेच प्रश्न येतो, प्रत कुठली? 1930 च्या दशकात त्याने कोलंबिया कंपनीसाठी केलेल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांचे ब्रिटनमधले हक्क केव्हाच संपले, त्यामुळे त्याच मुद्रणांच्या सीडी निरनिराळ्या मंडळींनी काढल्या आहेत. माझ्या अनुभवात त्यांचे दोन गट पडतात. एका गटाने आवाज संगणकावर धुऊन लख्ख केला आहे. दुसऱ्याने टिकटिक आणि ओरखडे तेवढे काढले, सुईची खरखर राहू दिली. दोन्ही तऱ्हांच्या प्रती मी विकत घेऊन बरीच वर्षं ऐकल्या आहेत.

मुळात जुनं मुद्रणच कशाला, नंतर मोठ्या वाद्यवृंदांनी हे सगळं सुंदर वाजवलंय की, असं कोणी म्हणेल. म्हणणं खोटं नाही. पण कोट्स आपलं संगीत लाडावून वाजवत नाही. सूटचा शेवटचा भाग 'नाइट्सब्रिज' हे मार्च, म्हणजे संचलनाच्या चालीची धून, आहे हे तो क्षणभरही विसरत नाही. लय ताठ आणि चपळ, आणि गोड जागा आली तरी तिथे रेंगाळणं नाही. 1933 मध्ये बीबीसीने 'इन टाउन टुनाइट' या रेडिओ कार्यक्रमासाठी हे मार्च घेतलं आणि धून कुठली म्हणून विचारणाऱ्या पत्रांचा पाऊस पडला. त्याच्या हातचं मुद्रण ऐकलं की का पडला असेल ते कळतं.

धुतलेल्या प्रतीचं कौतुक आधी करतो. सूटच्या पहिल्या भागात, 'कॉव्हेंट गार्डन'मध्ये, टॅरँटेला या वेगवान इटालियन नाचाच्या धावपळीत 'चेरी राइप' हे जुनं गाणं डोकावतं, ते या प्रतीत पहिल्याच खेपेला सापडतं. गाडीत, प्रवासात, किंवा जुन्या तबकड्यांची सवय नसलेलं कोणी सोबत असेल तर हीच प्रत लावावी. मी स्वतः वर्षभर तीच ऐकत होतो आणि समाधानी होतो.

मग एका रात्री हेडफोन लावून 'वेस्टमिन्स्टर' ऐकत बसलो. सूटमधला हा मधला, संथ भाग. शेवटाकडे वाद्यवृंद खाली येतो आणि बिग बेनचे टोले पडतात. टोला पडला, त्याची आस सुरू झाली आणि मधेच संपली. विरली म्हणत नाही मी, संपली. वाजत्या झांजेवर कोणी तळहात ठेवावा तशी. पुढच्या टोल्याला तेच. आधी वाटलं, मूळ तबकडीतच तसं असेल. म्हणून खरखरीची प्रत काढून तीच जागा लावली. इथे आस खाली खाली जात राहिली, खरखरीत शिरली, आणि ती नेमकी कुठे संपली ते मला सांगता आलं नाही. घंटा अशीच तर संपते.

कारण समजायला अवघड नाही. शेलॅकच्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड मिसळलेली असे, खरखर तिथून येते. लाख बहुतेक आपल्या भारतातलीच, तेव्हा या आवाजाशी आपलं थोडं नातंही आहे! ही खरखर अखंड, बारीक आणि वरच्या पट्टीतली असते. घंटेची विरत जाणारी आसही शेवटी तशीच बारीक होते. संगणकाला दोन्ही एकच वाटतात आणि तो दोन्ही पुसून टाकतो.

एकदा कानाला ते कळलं की मग जिथेतिथे दिसायला लागतं. कोट्सच्याच 'बाय द स्लीपी लगून' या दुसऱ्या रचनेत व्हायोलिनच्या दोन ओळींमधली हवा नाहीशी झालेली. 'नाइट्सब्रिज'च्या झांजा लोकरीत गुंडाळल्यासारख्या. कोट्स स्वतः व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं आणि खालच्या स्वराचं वाद्य, वाजवणारा. संचालक हेन्री वुडच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात तो व्हायोलाचा प्रमुख होता, 1919 पर्यंत. मधल्या वाद्यांना तो फार प्रेमाने लिहितो. तारेवर गज टेकतो तेव्हाचा किंचित खडबडीतपणा मला खरखरीच्या प्रतीत जास्त जाणवतो. हा माझ्या कानाचा कौल आहे, मोजमाप काही केलेलं नाही. तुमची यंत्रणा वेगळी असेल तर मतही वेगळं होऊ शकतं.

खरखरीच्या प्रतीचा त्रास नाही असं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं कान तक्रार करतात. हेडफोनवर तर जास्तच. स्पीकरवर ऐका, ट्रेबल थोडा उतरवा. मग हळूहळू खरखर मागे सरते आणि वाद्यं पुढे येतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकत आलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

डेक्का कंपनीसाठी नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेला कोट्सचा दुसरा सूट, 'द थ्री एलिझाबेथ्स', मात्र या वादातून वगळावा. तोवर डेक्काचं मुद्रणतंत्र इतकं पुढे गेलं होतं की धुण्यासारखं फार उरलंच नव्हतं. त्याची कुठलीही नीट प्रत चालेल.

'लंडन सूट'साठी मी खरखरीचीच प्रत घ्या म्हणेन. दुसरी घेतलीत तरी चूक केलीत असं नाही. फक्त घेण्याआधी ऑनलाइन नमुना ऐकून ठरवू नका. तो बहुतेक वेळा सुरुवातीचा अर्धा मिनिट असतो, आणि तिथे धुतलेली प्रत हमखास बाजी मारते. कोणा ओळखीच्याकडे दोन्ही असतील तर 'वेस्टमिन्स्टर'चा शेवट लावून घ्या, आणि टोला पडल्यावर पुढचा टोला येईपर्यंत ऐका.