ब्रेकची हवा काढताना: पेडल की प्रेशर ब्लीडर?

ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायच्या पेडलच्या पद्धतीला खर्च नाही, पण दुसरा माणूस लागतो: एक पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळचं निपल (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडतो. ‘दाब… धर… सोड’ यात ताळमेळ चुकला, निपल उघडं असताना पाय उचलला, की हवा परत आत. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) न वापरल्या गेलेल्या गंजक्या भागावर सील घासून फाटू शकतं. ही भीती मला जास्त वाटते.

प्रेशर ब्लीडर म्हणजे दाबाने ऑइल ढकलणारा पंप. तो ब्रेक ऑइलच्या टाकीच्या तोंडावर बसवून 10-15 पीएसआय दाब दिला की एकट्याने काम होतं. मात्र ब्लीडरचं झाकण गाडीला नेमकं बसायला हवं, नाहीतर ऑइल बॉनेटखाली सांडून रंग खातं. म्हणून आधी ब्लीडरमध्ये ऑइल न भरता कोरडा दाब देऊन गळती बघा.

दोन वर्षांतून एकदाच ऑइल बदलणार असाल, तर घरातलं कुणीतरी पेडलवर बसवा. मी मात्र ब्लीडरच घेतला.