इंदूरचे हरित रोखे: वाचलेल्या वीजबिलातून फिटायचं कर्ज

नर्मदेचं पाणी इंदूरला येतं ते जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढून. पहिला टप्पा 1978 चा. नदीकाठ आणि शहर यांच्या उंचीत चारशे मीटरचा फरक आहे. हजार लिटर पाणी एवढं वर चढवायचं तर यंत्रं अगदी आदर्श चालली तरी एका युनिटाहून जास्त वीज लागते. पंपाची घट आणि नळातलं घर्षण धरलं की आकडा दीड युनिटाच्या पुढे जातो. निगमाच्या (इंदूर महापालिकेच्या) खर्चात हे वीजबिल फार मोठं आणि न टळणारं कलम आहे. ते कमी करायला जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा, त्यासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये निगमाने हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, विकून लोकांकडून 244 कोटी उचलले. लोकमान्य नगर, रामबागेतल्या बऱ्याच निवृत्त मंडळींच्या डीमॅटमध्ये हे रोखे आहेत, आणि बाजारातून आजही घेता येतात. म्हणून हे परीक्षण.

आधी वस्तू काय आहे ते. विक्री 10 ते 14 फेब्रुवारी 2023. मूळ मागणी 122 कोटींची, जास्त अर्ज आले तर आणखी 122 कोटी ठेवून घ्यायची मुभा. अर्ज आले सुमारे 720 कोटींचे. व्याज 8.25 टक्के, दर सहा महिन्यांनी, म्हणजे सहामाही व्याज पुन्हा गुंतवलं असं धरून वर्षाचा परिणामी दर 8.42 टक्के. पतमानांकन एका संस्थेचं एए-प्लस, दुसरीचं एए. दर्शनी किंमत 1,000 रुपये, कमीत कमी अर्ज 10,000 रुपयांचा, नोंदणी एनएसईवर. याच निगमाने 2018 मध्ये 139.90 कोटींचे रोखे 9.25 टक्क्यांनी संस्थांना विकले होते. एक टक्का स्वस्त कर्ज मिळालं, ही निगमाची कमाईच म्हणायची.

आता गंमत आणि गोंधळ दोन्ही इथेच आहे: हजाराचा एक रोखा हा खरं तर अडीचशे-अडीचशेचे चार तुकडे आहेत. ए, बी, सी, डी. मुदत 3, 5, 7 आणि 9 वर्षं. प्रत्येक तुकडा वेगळा विकता येतो. एक लाखाचं उदाहरण घ्या. पहिली तीन वर्षं सहामाही व्याज 4,125 रुपये. फेब्रुवारी 2026 ला ए तुकड्याचे 25,000 परत, मग सहामाही व्याज 3,093.75. पाचव्या वर्षानंतर 2,062.50, सातव्यानंतर 1,031.25. नऊ वर्षांत एकूण व्याज 49,500. दिवसांच्या मोजणीने हप्ता थोडा मागेपुढे होतो, तो फरक सोडून द्या.

तक्रारी बहुतेक या रचनेतूनच येतात. पहिल्या परतफेडीच्या तारखेला पासबुकात मुद्दल आणि व्याज एकत्र जमा होतं. व्याजावरचा दहा टक्के टीडीएस कापून एक लाखामागे 28,712.50 रुपये. पाहणाऱ्याला वाटतं, वा, यंदा व्याज भारी आलं! ते खर्च होतं, आणि पुढच्या हप्त्याला व्याज का घटलं म्हणून विचारणा सुरू होते. त्या पैशातले 25,000 मुद्दल आहेत, ते लगेच दुसरीकडे गुंतवायचे. तेव्हा बाजारात दर काय असेल तो असेल. नऊ वर्षं 8.25 टक्के बांधून मिळाले असं समजून घेतलं असेल तर तो गैरसमज आहे. सरासरी मुदत सहाच वर्षांची.

व्याज करमुक्तही नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून हातात साधारण 5.68 टक्के उरतात, वीसच्या टप्प्यात 6.53. ज्यांना करच लागत नाही त्यांनी कर न कापण्याचं स्वयंघोषणापत्र रजिस्ट्रारकडे (रोखेधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) व्याजाच्या तारखेआधी द्यावं, नंतर दिलं की विवरणपत्र भरून परतावा मागत बसावं लागतं. आणि डीमॅटला जोडलेलं बँक खातं बंद केलेलं असेल तर हप्ता परत फिरतो. यात निगमाचा काही दोष नाही.

मूळ प्रश्न मात्र वेगळा. कर्ज फेडायचे मार्ग दोनच: उत्पन्न वाढवा, म्हणजे शेवटी संपत्तिकर आणि पाणीकर वाढवा (पुण्याचे पाहुणे ज्याला घरपट्टी-पाणीपट्टी म्हणतात ते), नाहीतर खर्च कमी करा. या रोख्यांची जाहिरात दुसऱ्या मार्गाची आहे. ती कितपत टिकते ते कागदावर मांडून बघता येतं.

वर्षाला एका मेगावॅटमागे 16 लाख युनिटं धरा, आपल्याकडच्या उन्हात हा सावध अंदाज आहे. साठ मेगावॅटचे झाले 9.6 कोटी युनिट. समोरची, म्हणजे कर्जफेडीची, बाजू अशी: पहिली तीन वर्षं व्याज 20.13 कोटी आणि तिसऱ्या वर्षी ए तुकड्यापोटी फेडायच्या 61 कोटींसाठी दरसाल 20.33 कोटी बाजूला, मिळून साडेचाळीस. चौथ्या-पाचव्या वर्षी व्याज 15.10 वर येतं, पण पुढचे 61 कोटी दोनच वर्षांत जमवायचे असतात, म्हणून बोजा 45.6 कोटींवर चढतो. तोच कळस. नंतर 40.6, शेवटी 35.5. आता वाचलेलं युनिट 6 रुपयांचं असेल तर बचत 57.6 कोटी, आरामात भागतं. 5 रुपयांना 48, काठावर. 4 रुपयांना 38.4, म्हणजे तूट, आणि ती करातूनच भरणार.

युनिटामागे किती वाचतं हे नुसत्या वीजदरावर ठरत नाही. पंप रात्रीही चालतात, सूर्य नाही. दुपारची जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री परत घ्यायची, या देवघेवीत वहन आकार (तारा वापरल्याचं भाडं) आणि बँकिंगची (वीज ग्रिडकडे ठेवल्याची) कपात जाते; रात्रीची वीज महाग धरली तर आणखी. पॅनल वर्षाला अर्धा टक्का म्हातारी होतात, उन्हाळ्याची धूळ धुवायला पाणी आणि माणसं लागतात. आणि प्रकल्प उभा राहीपर्यंत बचत शून्य, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. त्या काळाचा हप्ता निगमाच्या नेहमीच्या उत्पन्नातूनच जातो, दुसरीकडून येणार कुठून?

म्हणून विकत घेणाऱ्याने एक भेद पक्का लक्षात ठेवावा. बचत हे कर्ज काढण्याचं कारण आहे, तारण नव्हे. हप्त्याची हमी एस्क्रो खात्याची: निगमाचं नेमून दिलेलं उत्पन्न आधी त्यात पडतं, तिथे हप्त्याची तरतूद होते, उरलं ते निगमाच्या हाती. त्यामुळे सूर्य रुसला तरी तुमचं व्याज अडत नाही. अडचण होते ती करदात्याची, आणि इंदुरात रोखेधारक आणि करदाता बहुतेक वेळा एकाच घरात राहतात.

केंद्र सरकारचंही गणित याच जातीचं, आकार तेवढा वेगळा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 50.65 लाख कोटींच्या खर्चापैकी 12.76 लाख कोटी नुसतं व्याज. चौथा हिस्सा. तो छाटता येत नाही, पगार-निवृत्तिवेतन छाटता येत नाही. कात्री फिरते ती रस्ते, रेल्वे, देखभाल यांवर, आणि तिथली काटकसर पुढे महागात पडते. मार्च 2031 पर्यंत कर्ज जीडीपीच्या 50 टक्क्यांच्या आसपास आणायचं उद्दिष्ट आहे. खर्च कमी करा म्हणणं सोपं. कोणता, हे सांगताना जीभ अडखळते. जलूदचा प्रकल्प मला म्हणूनच पसंत आहे: इथे सेवा न तोडता खर्च कमी करायचा प्रयत्न आहे, पाणी तेवढंच, वीज स्वस्त. फक्त वाचलेले पैसे खरोखर हप्त्याला गेले पाहिजेत. वीजबिल पन्नास कोटींनी कमी झालं आणि तेवढ्याच रकमेची नवी कामं मंजूर झाली, तर कर्ज जिथल्या तिथे आणि करवाढ दारात.

एक उणीव राहते. गळक्या नळातून गेलेल्या प्रत्येक हजार लिटरमागे दीड युनिट वीजही वाया जाते. स्वस्त युनिटापेक्षा न लागलेलं युनिट केव्हाही स्वस्त. गळती शोधण्याला हरित म्हणून मिरवता येत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

घ्यावेत का? 2023 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे 7.35 टक्के देत होते, तेव्हा 8.25 उठून दिसत होते. त्याच जुलैत ते 8.05 वर गेले आणि फरक जवळपास पुसला गेला. साठी ओलांडलेल्यांनी आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची 30 लाखांची मर्यादा भरावी. एप्रिल 2023 पासून तिथे 8.2 टक्के आणि मागे केंद्र सरकार. त्यापुढची रक्कम असेल आणि कराचा टप्पा खालचा असेल तर हे रोखे ठीक.

बाजारातून घेताना तुकडा कोणता ते आधी बघा, प्रत्येक तुकडा वेगळ्या चिन्हाने नोंदलेला असतो. व्यवहार तुरळक होतात, पाच-दहा नगांची बोली लागलेली दिसते, म्हणून बाजारभावाने ऑर्डर कधीच टाकू नका, भाव बांधूनच टाका. दिसणाऱ्या भावात साठलेलं व्याज धरलेलं असतं: अडीचशेच्या तुकड्यावर सहा महिन्यांचं 10 रुपये 31 पैसे. हप्त्याच्या आदल्या महिन्यात 259 भाव दिसला तर तो महाग नाही, आणि हप्ता झाल्यावर त्याच भावाने घेतला तर नऊ रुपये खिशातून गेले.